जहाजाचं जुनं नाव

बाबा, आज आत्याने माझ्यासमोर टोपलीभर चिंबोऱ्या उकिरड्यावर फेकल्या. "कितीबी धुतल्या तरी डांबराचा वास जात नाय रं," म्हणाली आणि पदराला हात पुसत राहिली. तुमची ही बहीण जन्मभर खाडीच्या चिखलात हात घालून जगली. आता तिला त्या चिखलाची किळस येते. मला माझीच येते.

पेणच्या कारखान्यात तुम्ही गणपतीचे डोळे काढायचात, मी शेजारी श्वास रोखून बसायचो. एकदा सोंडेवरची भेग मी रंगाखाली दडपली. तुम्ही ओला फडका मारून ती उघडी केलीत आणि अख्खी मूर्ती पाण्यात विरघळवलीत. "भेग हाय तर हाय म्हणायचं. रंग कशाला फासतोस तिच्यावर?" दोन दिवस मला रंगाला हात लावू दिला नाहीत. तिसऱ्या दिवशी खारीच्या केसांचा तुमचा कुंचला माझ्या हातात दिलात.

तुमच्यामागे कारखाना बंद पडला. आता वडखळच्या पुढे धक्क्यावर मी जहाजांवर नावं रंगवतो. गेल्या महिन्यात खाडीत काळं तेल आलं, आणि चौथ्याच दिवशी ठेकेदाराने मला एका गंजक्या जहाजाच्या मागच्या अंगाला दोरीच्या फळीवर बसवलं. पत्र्यावर तेच तेल ओघळलेलं, तोच वास. जुनं नाव घासायचं, नवं घालायचं, खाली कुठल्याशा बेटावरच्या बंदराचं नाव. ठेकेदार हसला, "मालक एका देशातला, झेंडा दुसऱ्याचा, खलाशी तिसऱ्याचे. फी भरली की झेंडा मिळतो, तपासायला कुत्रं येत नाय. तू अक्षरं काढ." खलाशांपैकी एकानेही ते बंदर पाहिलेलं नव्हतं. कधी पाय न ठेवलेल्या गावचं रेशनकार्ड काढावं तसं! थू असल्या कारभारावर. आणि मी अक्षरं काढली, चांगली ठसठशीत.

आठवड्याने, जहाज निघून गेल्यावर, तेलाची चौकशी करायला सरकारी साहेब गावात आला. गावाने सांगितलेलं गंजकं जहाज त्याच्या यादीत नव्हतंच. "नाव कळल्याशिवाय तक्रार कोणावर लिहू?" आत्या माझ्याकडे वळली. "तू तर धक्क्यावरच असतोस. तुला ठावं असंल."

"नाय आत्या," मी म्हणालो. काम सुटेल, एवढीच भीती. आणि त्याच तोंडाने तिच्या हातचा चहा प्यायलो.

हे पत्र मी कुठे टाकणार, तुम्ही तर कधीचे गेलात. जहाजाचं जुनं नाव मला पाठ आहे. वेल्डिंगने उठवलेली ती अक्षरं घासून पुरती गेली नाहीत, रंगाखालून बोटांना लागत होती. निदान तुमच्यापाशी तरी लिहावं म्हणून बसलो होतो. बघा, कागद संपत आला, आणि ते मी लिहिलेलं नाही.