विलासनं मागं पाहिलं होतं

रविवार, संध्याकाळ

साकोलीतला रविवारचा सायकल ग्रुप मी आणि विलासनंच सुरू केला. डॉक्टरांनी त्याला व्यायाम सांगितला, तेव्हा मीच त्याला सायकलवर बसवलं. आज सानगडीच्या रस्त्यात माझी चेन उतरली. मी हाक मारली. विलासनं मागं पाहिलं, आणि गिअरवाल्या पोरांसोबत निघून गेला.

चेन बसवून सानगडीत पोचलो, तर टपरीवर सगळे चहा पीत होते. विलास म्हणाला, "भाऊ, तू आता एकटाच चालवत जा ना. तुयासाठी सगळ्यायले थांबा लागते."

मी चहा न घेताच सायकल वळवली. काहून थांबला नाही तो? त्यानं मागं पाहिलं होतं, नक्की पाहिलं होतं.

एकटाच परतलो. वारा पाठीशी होता, रस्ता मोकळा. तरी पहिल्यांदाच सायकलवर वाटलं, घर कधी येतं.