काठावरची सोपी वाट

मुक्काम सुयोगचं घर, अमेरिका

सुप्याचे आमचे थोरले मेहुणे श्री. दादासो यांस कुंडलिकचा बसल्या जागेवरून रामराम. (उभं राहून करायचा होता, पण गुडघे अजून परवानगी देत नाहीत.) तुमची कंबर, वहिनींचा दमा आणि तुमची ती मारकी म्हैस, तिन्ही ताळ्यावर असावीत. लासुर्ण्याला जाऊन आमच्या उसाला पाणी मिळतंय का ते तुम्ही बघून आलात, हे कळलं. फार बरं केलंत. हे सगळं फोनवर बोललो असतो, पण इथल्या घरांच्या भिंती लाकडाच्या. मी खोकलो तरी पलीकडच्या खोलीतून ‘बाबा, पाणी देऊ का’ असं येतं. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. मोठे करून वाचा, आणि वाचताना शेजारी कुणी बसवू नका.

सुयोगला परवा सुट्टी होती. बाबा नुसते सोफ्यावर बसून असतात, यांना दरी दाखवू, असं त्यानं आणि सूनबाईंनी, म्हणजे वृषालीनं, परस्पर ठरवलं. (फोटोत असते ती जगप्रसिद्ध दरी ही नव्हे, तिची धाकटी बहीण म्हणा. पण धाकट्या बहिणीला कमी लेखू नये, हे तुमच्या धाकट्या बहिणीबरोबर संसार करून मला कळायला हवं होतं.) दरी कशी, तर तुमचा सुप्याचा माळ डोळ्यांपुढं आणा. तसाच उघडाबोडका, तशीच खुरटी झुडपं, तसंच ऊन. आता तो माळ मधोमध फाडा, आणि इतका खोल फाडा की तळातली नदी करदोट्याएवढी दिसली पाहिजे. कडे सगळे भट्टीतून नुकत्याच काढलेल्या विटांच्या रंगाचे. आणि या फाटीच्या काठाकाठानं लोक हौसेनं चालतात. सुरुवातीलाच पाटी होती. तिच्यावर ‘सोपी वाट’ असं लिहिल्याचं वृषालीनं वाचून दाखवलं. खोटं नाही. चढ नाही, उतार नाही, पायाखाली लाल माती. पण दादासो, ती वाट एका अंगानंच सोपी आहे. दुसऱ्या अंगाला काहीच नाही.

पहिल्यांदा कठडा होता तोवर मीही बरा चाललो. एकदोघा गोऱ्यांना हात केला, ऊस कसा लावतात ते सुयोगला नव्यानं सांगितलं. मग कठडा संपला. का संपला, ते कुणी सांगेना. सरकारकडचं लोखंड संपलं असेल. तिथून पुढं माझं डोकं गरगरायला लागलं आणि मी दरीकडं पाठ करून, खेकड्यासारखा आडवा चालू लागलो. विमानासाठी घेतलेले नवे बूट तेवढ्यात चावायला लागले. तोल जातोय असं वाटलं म्हणून आधाराला झुडूप धरलं, तर तो निवडुंग निघाला. मग एक म्हाताऱ्या गोऱ्या बाई थांबल्या, पिशवीतून चिमटा काढला आणि माझा तळहात मांडीवर घेऊन एकेक काटा उपटत बसल्या. त्यांचे मालक शेजारी उभे राहून माझ्याशी हवापाण्याचं बोलत होते. मी सगळ्याला ‘येस’ म्हटलं.

या सगळ्यात तुमची बहीण कुठं, असं तुम्ही विचाराल. मीही तेच विचारत होतो. ठमाबाई नऊवारीचा ओचा खोचून, पायात वृषालीचे जुने बूट घालून, पार पुढं निघून गेल्या होत्या. तुम्हाला माहीत आहे, बारामतीच्या बाजारात जायचं तरी ही माझ्या मागं दहा पावलं असते आणि मीच थांबून ‘आवर की’ म्हणतो. आता ती वळणाच्या पुढं एक हिरवा ठिपका झाली होती. मी हाक मारली, ‘ठमेऽऽ’. समोरच्या कड्यानं ‘ठमेऽऽ’ म्हटलं, त्याच्या पलीकडच्यानं म्हटलं, लांबवरून आणखी कुणीतरी म्हटलं. आख्ख्या दरीनं माझ्या बायकोला हाक मारली आणि तिनं एकीलाही ओ दिली नाही. चाललेली माणसं हसली. सुयोगही हसला, ते मी लक्षात ठेवलंय.

शेवटी मी तिच्यापाशी पोचलो. कसा, ते विचारू नका. (शेवटचा पल्ला बसून सरकत केला. पँट टाकून द्यावी लागली.) ही दरीच्या तोंडावरच्या सपाट दगडावर मांडी घालून बसलेली, ओसरीवर बसावी तशी. मी म्हटलं, ‘‘अगं, मागं सर, पडशील!’’

‘‘गप बसा जरा. ऐका.’’

‘‘काय ऐकू? हितं काय बी न्हाय.’’

‘‘व्हय. म्हनूनच ऐका म्हनते. आपल्या घरात ह्ये कवा ऐकायला मिळायचं?’’

मग मीही दगड धरून तिच्या शेजारी टेकलो. एक घार आमच्या पायाखालून उडत गेली. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा बघितली. मग ठमाबाई आणखी थोडं बोलली, पण ते घरगुती होतं.

परतीची वाट तीच, तेवढीच आणि तेवढीच सोपी. दमलो, दादासो. चालून नाही. न पडून दमलो. दोन दिवस झाले, खुर्चीतून उठताना ‘आई गं’ म्हणतो आणि भिंतीपलीकडून ‘बाबा, काय झालं’ येतं.

वहिनींना नमस्कार सांगा.

आपला,
कुंडलिक

ता. क. ते घरगुती असं, की ठमाबाई माझ्याबरोबर परत येत नाहीये. दिवाळीपर्यंत राहते म्हणते. सासू-सुनेनं दर शनिवारी नवी वाट चालायचं ठरवलंय. मी म्हटलं, ‘‘आन मी?’’ तर म्हणाली, ‘‘तुमी या की न्हायतर.’’ उसाला सोडून मी कसा राहणार? तुमचा शब्द ती मोडत नाही. तर वहिनींचा दमा वाढलाय, लगेच निघून ये, असा फोन कराल का? मी सांगितलं म्हणून सांगू नका.

ता. क. २ वरचं काल लिहिलं. फोन करू नका. आज सकाळी चहाला उठलो, तर ती पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होती. तिला गाठ जमत नव्हती आणि वृषाली शिकवत होती, आणि ठमाबाई अशी हसत होती, की लग्नानंतर तुमच्या घरी पहिल्या सणाला आली तेव्हा हसली असेल तेवढीच. मी आत येऊन बसलो. वहिनींचा दमा आहे तेवढाच राहू दे. फक्त त्यांना एक विचारून ठेवा. पिठलं मला येतं, पण त्याच्या गुठळ्या होतात. त्या होऊ नयेत म्हणून बायका नेमकं काय करतात? हिलाच विचारलं असतं, पण मग ही राहायची नाही.