आशागडहून परत आणलेली

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि तुझ्याशी भांडायला मला आत्ता सुचतंय. गेल्या आठवड्यात तलासरीला आम्हा अंगणवाडीच्या बायकांचं प्रशिक्षण होतं. एरवी अशा ठिकाणी मी मागच्या खुर्चीवर डुलक्या काढते, खोटं कशाला बोलू! पण डॉक्टरबाई तान्ह्या बाळाच्या मेंदूविषयी बोलायला लागल्या आणि माझी झोपच उडाली. म्हणाल्या, बाळाला आई कळते ती वासातून, हातातून, आवाजातून. तो हात अचानक नाहीसा झाला की मेंदू घाबरतो, आणि कोणी सावरलं नाही तर घाबरलेलाच राहतो. अशी लेकरं कधी फार रडतात, कधी मुळीच रडत नाहीत. लोकांना वाटतं, पोर शहाणं आहे, नाहीतर दगड आहे. दगड म्हटल्यावर मला तू आठवलीस.

माझ्याआधीचे दोघे तुझ्या मांडीवरच गेले होते. म्हणून बाराव्या दिवशी तू मला सुपात घातलंस आणि तुझ्याकडून मासे घेणाऱ्या आशागडच्या एका शेतकरणीला मूठभर तांदळांच्या बदल्यात देऊन टाकलंस. पोर दुसरीचं झालं की त्यावर काळाची नजर पडत नाही, असं घरच्या म्हाताऱ्या सांगायच्या. तिला मूल नव्हतं. तिला मी आई म्हणायचे, तुला मावशी. मासळीची पाटी घेऊन तू तिच्या ओट्याशी यायचीस. "बोंबील ताजे आहेत का गं?" ती विचारायची. "घ्यायचे तर घे, नाहीतर निघाले मी," तू फणकारायचीस. पोटची पोर चार हातांवर उभी, आणि तू तिच्याकडे बघायचीही नाहीस! त्याला केवढं काळीज लागलं असेल, हे आता कळतं. तेव्हा मात्र मला तुझी भीती वाटायची.

मला पाच वर्षं पुरी झाली, धोका टळला असं सगळ्यांनी धरलं, आणि तू मला डहाणूला घेऊन आलीस. नवा फ्रॉक, कोलंबीचं कालवण, शेजारच्या बायका गोळा झालेल्या. मी जेवत नाही. भाकरीचा तुकडा तेवढा उशीखाली लपवते. आठ दिवस उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसते, पण डोळ्यांतून टिपूस नाही. "पाच वर्षं जीव मुठीत धरून वाट बघितली, आणि घरी आणला तो दगड!" तू सगळ्यांदेखत ओरडलीस. मग आशागडची आई मला भेटायला आली, तेव्हा तिला अंगणातूनच परत पाठवलंस. "पोर तुला विसरली की ये." आई, तिथे चुकलीस गं.

प्रशिक्षणात शेवटी मी हात वर केला. विचारलं, "जन्मल्या जन्मल्या दुसरीला दिलेलं मूल कायमचं बिघडतं का हो?" "नाही," त्या म्हणाल्या, "माया करणारं एक माणूस कायम जवळ असलं की मूल सावरतं. ते जन्म देणारंच हवं असं नाही." परतीच्या बसमध्ये माझ्या डोक्यात तेच. म्हणजे तू मला दिलंस, तेव्हा मी सावरले होते. मला आई होती. ती माझ्यापासून तुटली, तू मला परत आणलंस तेव्हा. तू जन्मभर समजत राहिलीस, की या पोरीला आपली मायाच नाही. मी दगड नव्हते गं. मी आईसाठी झुरत होते, आणि ते तुलाच कसं सांगणार?

परवा एक तरुण बाई तिच्या तीन वर्षांच्या पोराला आजीकडून कायमचं न्यायला आली. मी तिला बसवून सांगितलं, "महिनाभर आजीलाही सोबत ने. आजीसाठी रडला तर रडू दे, रागावू नकोस." तिने ऐकलं. तुलाही कोणी असं सांगायला हवं होतं.

तू मला जगावं म्हणूनच दिलंस, याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. पण एक गोष्ट तुला तोंडावर कधी सांगता आली नसती, म्हणून इथे लिहिते आणि कागद माझ्याकडेच ठेवते. तुझं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झाले. लोक म्हणाले, बाई खंबीर आहे. आशागडची आई गेली, तेव्हा महिनाभर अंगणवाडीत एखादं पोर आईसाठी रडायला लागलं, की मीही त्याच्याशेजारी बसून रडायचे.