उजवी दाढ

प्रिय छकुले,

महिना झाला, रोज कागद पुढे घेतो, तारीख टाकतो आणि उठतो. फोनवर बोललो असतो, पण तू मध्येच "जाऊ दे ना दादा" म्हणशील आणि मी खरंच जाऊ देईन. म्हणून लिहितोय.

वृद्धाश्रमातली अण्णांची खोली रिकामी करून दिली. कपाटात चार सदरे, चष्मा आणि एक न उघडलेली टूथपेस्ट निघाली. वर्षापूर्वी मीच नेऊन ठेवलेली. ती हातात घेऊन खाटेवर बसलो होतो, तेवढ्यात तिथल्या मावशी दारात येऊन म्हणाल्या, "साहेब, सकाळी आम्ही दोघीच असतो आणि माणसं बावीस. अंग पुसायचं, कपडे बदलायचे, भरवायचं. तोंड राहून जातं. त्यात अण्णा चावायचे." मी त्यांना कोणत्या तोंडाने बोलणार? सव्वीस वर्षं लोकांचे दात तपासतोय.

अण्णांना केवढं कौतुक होतं त्याचं. गिऱ्हाईकाच्या बाहीचं माप घेता घेता सांगायचे, "मीही टाके घालतो, पोरगाही टाके घालतो. फक्त त्याचं गिऱ्हाईक ओरडतं." दोरा तोडून तोडून त्यांच्या पुढच्या दाताला खाच पडली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी ती सरांना मोठ्या ऐटीत सांगितली होती.

दर रविवारी जायचो मी. पाठीला जखम नाही ना, नखं कापली ना, सगळं बघायचो. तोंडात मात्र कधी बघितलं नाही. सुट्टीच्या दिवशी तरी दात नकोत, असं वाटायचं. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. आणि अण्णांचं बोलणं तर केव्हाच गेलं होतं, ते सांगणार कुठून?

मग त्यांचं खाणं सुटलं. भरवायला गेलं की ओरबाडायचे. तिथले डॉक्टर म्हणाले, विसरण्याचा आजार वाढला की असं होतं, आणि शांत राहायचं औषध सुरू केलं. मी मान डोलावली. अण्णा दिवसभर पडून राहायला लागले आणि सगळे म्हणाले, आता बरे आहेत. पुढे ताप आला. नव्यानेच लागलेल्या एका मावशीने फोन केला, "साहेब, त्यांच्या तोंडाला फार वास येतोय. तुम्ही दातांचेच डॉक्टर ना?"

टॉर्च आणि आरसा घेऊन गेलो. रोज काढून धुवायची खालची छोटी कवळी कित्येक महिने कुणी काढलीच नव्हती. हिरडी तिच्यावर चढली होती. ती सोडवताना अण्णा रडले, आवाज न करता. शेजारच्या उजव्या दाढेखाली पू, थेट जबड्यापर्यंत. अशा दाढेने धडधाकट माणूस भिंतीवर डोकं आपटून घेतो. अण्णांनी ती सात-आठ महिने सोसली. इस्पितळात हलवलं, पण जंतू छातीत उतरले होते. आठव्या दिवशी गेले.

तू अंत्यविधीला आली नाहीस. "त्यांना चाललं नसतं," एवढाच निरोप पाठवलास. नातेवाइकांनी तुला नावं ठेवली आणि मी ऐकून घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. उन्हाळ्यात तू त्यांना भरवायला बसलीस, मान वळवायला गालाला हात लावलास आणि त्यांनी तुझ्या थोबाडीत मारली. चष्मा फुटला तुझा. बाहेर येऊन म्हणालीस, "सगळं विसरले, मी त्यांच्या मनाविरुद्ध केलेलं लग्न तेवढं विसरले नाहीत." परत कधी आली नाहीस. छकुले, तू हात लावलास तो त्यांचा गाल उजवा होता. त्याच्या आधीपासून ते त्या बाजूने चावत नव्हते. आश्रमाच्या वहीत तशी नोंद आहे. त्यांनी तुला मारलं नाही गं, दुखऱ्या जागेवरचा हात झटकला. माझाही झटकला असता. हे मला टॉर्च मारला त्याच दिवशी कळलं होतं. त्यानंतर ते आठ दिवस जिवंत होते आणि तुला मी "थोडा ताप आहे" एवढंच कळवलं. खरं सांगितलं असतं तर तू धावत आली असतीस. पण मग विचारलं असतंस, "दादा, तू काय बघत होतास?" त्या एका प्रश्नाला भिऊन मी तुझे आठ दिवस घेतले.

तुझाच,
दादा