चहाचा पेला आणि गडबची विहीर

पेण, मंगळवार, दिवेलागण

माझा चहाचा काचेचा पेला आज विज्ञानयज्ञात स्वाहा झाला. हिने, म्हणजे रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या सौभाग्यवतींनी, न विचारताच तो पिशवीत टाकला. निषेध इथेच नोंदवतो. घरात कोण ऐकतंय?

पण काय दिवस होता! गडब गावच्या विहिरीवर हिने पेल्यात स्वतः बनवलेलं द्रावण ओतलं, जांभळ्या उजेडाची बॅटरी मारली. निळंशार चमकलं! पाण्यात नायट्रेट असेल तर चमक मरते, म्हणाली.

पाणी भरायला आलेल्या द्रौपदीबाई हसल्या. "मॅडम, आमचा पानी काचेसारखा हाय. घान ती पल्याडच्या कंपनीची."

विहिरीचं पाणी पडलं आणि चमक विझली. नव्या द्रावणात गावाबाहेरच्या, लांबच्या विहिरीचं पाणी घातलं, तर पेला निळाच. शेणातलं नायट्रेट जमिनीतून पाण्यात झिरपतं, ही म्हणाली, आणि सगळ्यांच्या नजरा विहिरीलगतच्या उकिरड्याकडे.

"म्हंजे उकिरडा आमचा नि शिव्या कंपनीला?" म्हणत बाईच घमेलं आणायला निघाल्या. आम्ही निघेस्तोवर अर्धा उकिरडा हलला होता! इतकी वर्षं बातम्या लिहून माझ्याने टोपलीभर शेण हललं नाही. हिने एका पेल्यात हलवलं. ऊर भरून आला. (हे तिला सांगणार नाही.)

"उकळून प्यायलं तर?" कुणीतरी विचारलं.

"उकळून नायट्रेट जात नाही. तान्ह्या बाळाला तर देऊच नका."

पेला धुऊन ओट्यावर ठेवलाय. उद्या आमची विहीर. शेजाऱ्यांचा गोठा तिला लागूनच आहे. लेक बाळंतपणाला आलीय, आणि नुकत्याच जन्मलेल्या नातीचं पावडरचं दूध रोज मीच त्या पाण्यात कालवतो, नीट उकळून. मला भीती वाटते.