कुडावरचं सिमेंट

ओल्ड हॅरो पब, हेरफर्डशर
९ नोव्हेंबर १९८७

प्रिय लायनेल,

ऑब्रीचे आशीर्वाद. तू बरा असशील. इकडे सफरचंदं उतरवून झाली, सायडर पिंपात गेली. माझा गुडघा कुरकुरतोय. माझी बायको ग्वेन जाऊन दोन वर्षं झाली. तुला कळवायला हवं होतं, नाही कळवलं. दुपारी एकटाच शेकोटीपुढे बसतो. माडीवर करकर झाली की अजून मान वर करतो. थंडीनं लाकूड आकसतं, दुसरं काय! घर खायला उठतं रे.

रस्त्याकडच्या कोपऱ्याचा खांब गेला. मागच्या आठवड्यात टेकलो तर अंगठा आत रुतला. बेथन नावाची सुतारीण पाहायला आली. तिनं भिंतीवरचं सिमेंट ठोकून काढलं. आतल्या काठ्या-मातीच्या कुडाचा चिखल झालेला, खालची ओकची तुळई भिजलेल्या पावासारखी.

"कुडावर सिमेंट? हा शहाणपणा कुणाचा, मिस्टर प्रॉसर?"

तुला आठवत असेल. एकसष्ट साली चुन्याचे पोपडे पडत होते आणि मी सिमेंटची पोती आणली. मागच्या अंगणात आपण दोघंच होतो. तू म्हणालास, "ऑब्री, ओल आत कोंडेल, लाकूड कुजेल. चुनाच लाव." मी म्हणालो, "तू लाकडं तास, पब मी बघतो." तू हत्यारांची पिशवी उचललीस. मी थांबवलं नाही.

बेथनला मी सांगितलं, "माझ्या भावानं केलं. सुतार आहे तो."

चुकून तोंडातून गेलं, असंही म्हणता येत नाही. ओलीचा पहिला डाग दिसला तेव्हापासून गावाला हेच सांगत आलोय, की लायनेलनं काम बिघडवलं आणि पळाला. ग्वेन लग्न होऊन आली, तिलाही तेच सांगितलं. ती तेच खरं मानून गेली.

शनिवारी बेथन अहवाल घेऊन सहीला आली. त्यात तुझं नाव होतं. मी ते खोडून माझं लिहिलं आणि गल्ल्यापाशी उभा राहून सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणजे तिघं. म्हातारा पर्सी, आपला लोहार, म्हणाला, "म्हणजे पंचवीस वर्षं आम्ही त्या बिचाऱ्याला शिव्या घातल्या?" अर्धा ग्लास तसाच ठेवून तो गेला. काल कुणीच आलं नाही.

खांब खालून गुडघ्याएवढा कापून तिथं नवा ओक जोडायचाय, वसंतात. तिला जाणता हात हवाय. तुझं नाव सुचवायचा हक्क मला नाही, म्हणून तिचा पत्ता पत्रामागे लिहिलाय. आलास तर तिच्याशीच बोल. मी आत बसेन, बोलावल्याशिवाय बाहेर येणार नाही.

स्वतःचं पाप तुझ्या नावावर घालून जगलेला,
तुझा भाऊ
ऑब्री