दुसऱ्याची भांडी

तीर्थस्वरूप मोठ्या वहिनींस,

गुडघे टेकून नमस्कार. (मनातल्या मनातच टेकलेत; खरोखरचे टेकले तर उठवायला सध्या घरात कोणी नाही.) तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? की डाव्याची पाळी आली? तुमची तिन्ही पत्रं पोचली. पहिल्याला उत्तर दिलं नाही, म्हणून दुसऱ्याला द्यायची लाज वाटली, आणि आता तिसऱ्याला द्यावं तर पहिल्या दोघांनी काय घोडं मारलं होतं, असा प्रश्न पडला. तिसऱ्यात तुम्ही विचारलंत, "भावोजी, तुम्हाला झालंय तरी काय?" वहिनी, काहीच झालेलं नाही. तीच तर रड आहे. चार महिन्यांत माझ्या हातून काही म्हणजे काही झालेलं नाही.

तुमच्या जाऊबाई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, त्याच दिवशी मी चहाचा एक कप सिंकमध्ये ठेवला आणि म्हटलं, एका कपासाठी कोण हात ओले करणार! दुसऱ्या दिवशी त्या कपाला सोबत मिळाली. महिन्याभरात तिथं अशी वस्ती झाली की नळाखाली बोट घालायला जागा उरली नाही, तेव्हा मी हात धुवायला बाथरूममध्ये जाऊ लागलो (संकटातून मार्ग काढावा तो असा). जाऊबाईंचा फोन आला की मी नळ सोडून ठेवायचो. "भांडी चाललीत वाटतं?" त्या कौतुकानं विचारायच्या. मी म्हणायचो, "हो ना, तीच." यात खोटं काही नव्हतं, सगळं चाललं होतं ते भांड्यांचंच.

धंद्याचंही तेच. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात आणि मी पुढच्या खोलीत बसून कवळ्या करतो, हे तुम्हाला माहीतच आहे. चौदा कवळ्या मेणात अर्धवट बसवून फळीवर ठेवल्या होत्या. खोलीत शिरलो की चौदाच्या चौदा माझ्याकडे बघून हसायच्या, आणि मी दार ओढून घ्यायचो. प्रत्येक कवळीमागे एक बोळकं तोंड वाट बघतंय, हे कळत होतं हो! पण कळणं आणि वळणं यांच्यामध्ये जो जिना आहे ना, त्याच्या पहिल्याच पायरीवर मी फतकल मारून बसलो होतो.

उपाय केले नाहीत, असं मात्र म्हणू नका. आधी कामांची यादी केली. ती इतकी लांबली की तिच्यात 'यादी लहान करणे' हे एक काम घालावं लागलं. मग औषधांच्या दुकानदारानं सांगितलं, पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल. उठलो. काही न करण्यासाठी रोजचे तीन तास जास्त मिळाले, एवढाच बदल झाला. शेजारचे भूमितीचे मास्तर म्हणाले, काम मोठं वाटतं ना, मग घड्याळ लावून फक्त पाच मिनिटं करायचं. घड्याळात सेल नव्हता. तो शोधण्यात पाचातली चार मिनिटं गेली, आणि उरलेल्या एका मिनिटात मास्तरांवर चिडून झालं.

आणि मग एका सोमवारी सकाळी दहा वाजता बेल वाजली. दारात एक उंच, सडपातळ, इस्त्रीच्या सदऱ्यातले गृहस्थ. आवाज ऐकला आणि ओळख पटली. पूर्वी रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या वाचायचे ते! आपल्या लहानपणी त्यांनी "नमस्कार" म्हटलं की घराघरांत चमचे वाजायचे थांबत. तर हा आवाज आता दातांवाचून होता. सगळे दात काढून चार महिने झाले, त्यांची कवळी माझ्या फळीवर तिसऱ्या नंबरला, आणि डॉक्टरांनी कंटाळून त्यांना माझाच पत्ता दिलेला. शुक्रवारी रेडिओतल्या जुन्या मंडळींचा मेळावा होता आणि त्यात त्यांना एक बातमीपत्र वाचायचं होतं. चार महिने हा माणूस दुधात पाव भिजवून खात होता आणि लाजेनं कोणाला फोनही करत नव्हता. का? तर मला मेण गरम करायचा कंटाळा आला होता. वहिनी, धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

मी कारणं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "फांगू नका. मी इथंच बफतो." (सांगू नका, बसतो.) आणि बसले. मी कवळी हातात घेतली आणि तिच्याकडे बघत राहिलो. दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातून खळखळाट ऐकू आला. जाऊन बघतो तर महाशय बाह्या सरसावून माझ्या सिंकपुढे उभे!

"अहो, हे काय करताय?"

"दुफऱ्याची भांडी फोपी अफतात," ते म्हणाले. (दात घालून वाचावे.)

मग घासता घासता त्यांनी सांगितलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या औषधांचा खण अजून उघडलेला नाही. रोज सकाळी ठरवतात, खणाच्या कडीला हात लावतात आणि पेपर वाचायला बसतात. स्वतःच्या घरची भांडीसुद्धा महिनामहिना पडून. पण माझी भांडी बघून त्यांना हुरूप आला म्हणे, कारण त्यांतल्या एकाही कपातून त्यांच्या बायकोनं चहा घेतलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ते बाहेरच्या खोलीत बसले आणि मी खण उघडला. वीस मिनिटांचं काम. गोळ्यांची जुनी पाकिटं टाकली, बाटल्या ओतल्या, खण पुसला. तळाशी त्यांच्या बायकोच्या अक्षरातलं गोळ्यांचं वेळापत्रक होतं, आणि खाली कोपऱ्यात लिहिलं होतं, 'यांना फिरायला पाठवणे'. तो कागद तेवढा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि उठून चपला घातल्या. आम्ही तळ्यापर्यंत जाऊन आलो.

तेव्हापासून करार झाला. ते माझ्याकडे येऊन नुसते बसणार, मी दात लावणार. मग मी त्यांच्याकडे जाऊन काही आवरणार. आणि कोणी शेजारी बसलं की हात कसे चालतात म्हणता! बुधवारी दुपारपर्यंत त्यांचे वरचे-खालचे अठ्ठावीस दात मेणात नीट ओळीनं उभे केले आणि मेण मऊ पडू नये म्हणून ती कवळी थंड पाण्याच्या वाटीत ठेवली. वाटी ओट्यावर ठेवली. आणि ओटा म्हणजे त्यांचं राज्य! तेलकट भांडी निघत नाहीत म्हणून त्यांनी पातेलंभर पाणी उकळलं आणि दिसेल त्या भांड्यात ओतलं. मेणाचं पाणी झालं आणि स्वतःचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात या माणसानं स्वतःच्या हातानं सिंकमध्ये ओतले!

पुढचा तास विचारू नका. एक नामवंत बातम्यावाले आणि एक कवळीवाला, दोघं ओट्याखाली आडवे, सिंकचा पाइप काढलेला, बादलीत हात. ते मोजत होते आणि मी धूत होतो. सत्तावीस सापडले. अठ्ठाविसावी खालची दाढ अजून बेपत्ता आहे (माझ्याकडची दुसरी लावली). पण गंमत बघा, त्या तासात काम जड आहे, कंटाळा येतो, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तसाच ओल्या बाह्यांनी बसलो आणि गुरुवारी संध्याकाळी पक्की, गुलाबी, चकचकीत कवळी त्यांच्या तोंडात बसवली.

शुक्रवारी त्यांनी मला बरोबर नेलं. ते उभे राहिले, "नमस्कार" म्हणाले, आणि सगळं सभागृह, सत्तरीपलीकडची ती खोकणारी मंडळी, एकदम गप्प. तोच आवाज! नव्या कवळीमुळे प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजत होती आणि त्यांनी बातमीपत्रात 'स' काही कमी ठेवले नव्हते. तिसऱ्या शिट्टीला ते थांबले, कागदावरून मान वर करून गंभीरपणे म्हणाले, "प्रक्षेपणातील व्यत्ययाबद्दल क्षमस्व," आणि पुढे वाचू लागले. लोक हसून हसून रडले. मी मधलं हसणं गाळून थेट रडलो.

तर वहिनी, मी सुधारलोय असं समजू नका. चौदांपैकी सात कवळ्या गेल्या, सात अजून हसतायत. काही दिवस दहाच्या बेलपर्यंत मी नुसता छताकडे बघत असतो. पण बेल वाजते. तेवढ्यानं बाकीचा दिवस उभा राहतो.

तब्येतीला जपा. जिने चढू नका.

तुमचा आळशी दीर

ता. क. : दादाला नमस्कार लिहिला नाही, तो विसरलो म्हणून नव्हे. तुमच्या तिसऱ्या पत्रात गुडघा आणि पाण्याची टाकी यांच्यामध्ये एक ओळ होती. 'हे हल्ली अंघोळ करून पलंगाच्या कडेला बसतात, ते बारा वाजेपर्यंत.' वहिनी, मला ती कडा चांगली माहीत आहे. बातम्यावाले सोमवारपासून दोन महिने मुलाकडे जाताहेत, आणि मला बसायला माणूस हवा. दादाला पाठवा. त्याच्या भल्यासाठी म्हणालात तर तो हलणार नाही. धाकटा पार वाया गेलाय, असं सांगा आणि पत्र वाचायला द्या. त्यासाठीच माझी पापं जरा जाड अक्षरात लिहिली आहेत. (मधल्या काळात मी दोनदा भांडी घासली होती, ते त्याला सांगायची गरज नाही.)

ता. क. २ : वरचा ता. क. आणि हा, दोन्ही कापून मगच पत्र त्याच्या हातात द्या. गुरुवारचं तिकीट सोबत आहे. आणि एक विनंती, त्याची बॅग तुम्ही भरू नका. तुम्ही शेजारी नुसत्या बसा. एका सदऱ्याला तासभर लागला तरी लागू दे. गाडी मुद्दाम संध्याकाळची घेतली आहे.